मदत हवी आहे : गरवताना आमिष तर जातंच, वर गरीही कापून जाते

मंडळी, मे महिनाभर सासुरवाडीला रत्नागिरीत मुक्काम आहे. सकाळी उजाडताना मिऱ्या आणि काळबादेवीच्या मधल्या समुद्रात, आतल्या अंगाला खडपावर (किनाऱ्याच्या खडकावर) जाऊन गरवत, म्हणजे गळ टाकून मासे धरत बसतो. विकायबिकायला नाही, निव्वळ हौस. सासऱ्यांच्या मते मिरकरवाड्यावर हवे तितके मासे मिळत असताना पहाटे उठून डास चावून घेण्यात काय अर्थ आहे हे त्यांना कळत नाही. त्यांना दाखवण्यापुरती एखादी तांबोशी नाहीतर पालू मिळावा एवढीच अपेक्षा.

सात फुटी रॉड, साधं रील, ०.३५ मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला शिसं आणि त्याच्या जरा वर गरी, म्हणजे गळाचा आकडा. आमिष सोललेली कोळंबी. टाकल्या टाकल्या टकटक सुरू होते, बारीक, घाईघाईची. ओढ अशी लागतच नाही. मग सगळं शांत. गुंडाळून बघावं तर कोळंबी गायब. हे एकवेळ समजू शकतो. पण बऱ्याचदा गरीसुद्धा नसते, आणि तंगुसाचं टोक नेलकटरने कापल्यासारखं सरळ. दगडाला घासलेला तंगूस खरखरीत होतो, पांढरा पडतो, हा तसा नाही. दुकानदाराने ०.५० चा दिला, त्याचीही तीच गत.

हा कुठला मासा? त्याला टाळून गरवता येतं का? आणि सुट्टीतल्या नेमक्या कुठल्या सकाळी जावं? भाचा सोबत असतो, त्याचा उत्साह संपायच्या आत काहीतरी लागायला हवं. शिवाय 1 जूनपासून बंदी लागते म्हणतात, ती आमच्यासारख्यांनाही असते का?

खाडीकाठचा : केंड. शंकाच नको. त्याचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात, खेकड्याचं कवच फोडणारी ती चोच, तंगूस तिच्यापुढे काय टिकणार? जाडी वाढवून उपयोग नाही. तो तळाशी, वाळू आणि दगड मिसळतात तिथे उथळात हिंडतो, आणि तुमची गरी बरोबर तिथेच पडते आहे. शिसं टोकालाच ठेवा, पण गरीची फांदी दीड-दोन फूट वर काढा. सोललेली कोळंबी बंद करा, म्हाकूळाची (स्क्विडची) लांब पट्टी किंवा सालीसकट बांगड्याचा तुकडा लावा. केंड तेही कुरतडतो, पण वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा कोणी येऊ शकतो. एका जागी टकटक चालूच राहिली तर मुकाट्याने उठायचं आणि पन्नास पावलं पुढे जायचं. तिथे हट्ट करून काही होत नाही.

धागाकर्ता : म्हणजे परवा लागला होता तो हाच! वर काढल्यावर टम्म फुगला. भाच्याला बादलीत घालून घरी न्यायचा होता.

खाडीकाठचा : नेऊ नका हो. केंडाच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि शिजवून ते जात नाही. मांजरालाही घालू नका. पकडीने गरी सोडवायची, बोट तोंडाजवळ न्यायचं नाही, आणि परत पाण्यात.

तिथीवाले काका : वेळेचं सांगतो. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. अष्टमीला उजाडताच पाणी उतरायला लागतं, शिवाय भांग (लहान भरती-ओहोटी) असल्याने त्यात जोर नसतो. तुम्हाला दशमी-एकादशी बरी, उजेड झाल्यापासून दोन तास चढतं पाणी मिळेल. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकराच्या पुढे, डोक्यावर ऊन, आणि उधाणात बसायचं खडपच पाण्याखाली जातं. भाचा बरोबर असेल तर त्या दिवशी नकोच.

बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, ती यांत्रिक नौकांना. तुमच्या रॉडला कोणी विचारत नाही, पण समुद्र विचारतो. मेच्या शेवटी आभाळ कोरडं असतानाही नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागतात. बराच वेळ काही नाही, आणि मग एकच मोठी खडपावर चढते. तेव्हा सामान आवरायचं.

मालवणी माणूस : शिंगाळो गावलो तर हातान धरू नकात. पाठीवरचो नि दोन्ही बाजूचे काटे लागले तर ठणको लवकर जाणा नाय. लागलोच तर सोसात तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, मगे डॉक्टर. आणि पालू बारको असलो तर सोडा रे, पुढच्या वर्षी मोठो होऊन येतलो.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. म्हाकूळ आजच आणतो, एकादशी धरली. एक राहिलं : गरीच्या वर स्टीलची वायर लावली तर?

खाडीकाठचा : गरी वाचेल, आमिष नाही वाचणार. लावायचीच तर बारीक घ्या आणि चार बोटं पुरे. स्वच्छ पाण्यात लांब वायर दिसली की तांबोशी जवळ येत नाही.