लघवीचा एसीआर (लघवीत किती प्रथिन उतरतं त्याची तपासणी) ६८ आला. वय २३, टाईप १ डायबेटिस. किडनी गेली का?

खिडकीजवळची_जागा
मी मूळची बार्शीची, तीन वर्षं सदाशिव पेठेत आहे, एमपीएससी करते. अकराव्या वर्षी टाईप १ निघाला. इन्सुलिन दोन: रात्री दिवसभर पुरणारं ग्लार्जिन आणि जेवणाआधी झटपट लागणारं रॅपिड, दोन्ही पेन.

गेल्या आठवड्यात तपासण्या केल्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ९.४, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा कचरा) ०.७, लघवीचा एसीआर ६८. समोर ठळक अक्षरात ‘३० पेक्षा कमी हवा’. लॅबमधल्या माणसाने पाकीट हातात देत “किडनीवाल्यांना दाखवून घ्या” एवढंच सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला. माझे डॉक्टर गुरुवारपर्यंत बाहेरगावी आहेत. तोवर रोज रात्री मी डायलिसिसचे व्हिडिओ बघत बसते.

९.४ कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे. दुपारी मेसमध्ये बाकाला बाक चिकटलेले असतात, समोर अनोळखी मुलं. तिथे कुर्ता वर करून सुई टोचायची लाज वाटते. रूमवर गेल्यावर घेऊ म्हणते आणि रूमवर जायला चार वाजतात. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. मग रात्री वडापाव, नाहीतर तेही नाही. म्हणून रविवारचं ग्लार्जिन मी माझ्या मनानेच कमी करते. एकदा पहाटे शुगर ४६ झाली होती, रूममेटने तोंडात साखर कोंबली तेव्हा भानावर आले. तेव्हापासून १८० च्या खालचा आकडा दिसला की छातीत धडधडतं.

क्रिएटिनिन नॉर्मल असताना लघवीत कसं काय निघालं? आणि आईला अजून सांगितलेलं नाही. ती पहिल्या एसटीने येईल आणि मला पुस्तकांसकट घरी घेऊन जाईल.

जुनी_सुई
अगं, आधी ते व्हिडिओ बंद कर. मला १९९९ पासून टाईप १ आहे. २०१२ मध्ये माझा एसीआर ११२ आला होता. आज मी कोथरूडमध्ये बसून डाव्या हाताने पोहे ढवळत तुला हे टाईप करते आहे.

३० ते ३०० च्या मधल्या आकड्याला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. किडनीच्या गाळण्या सैल पडायला लागल्या की सगळ्यात आधी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन निसटतं. क्रिएटिनिन वाढतं ते फार उशिरा. उलट शुगर चढी असली की सुरुवातीला किडनी गरजेपेक्षा जास्तच गाळते, त्यामुळे तुझं ०.७ बघून खूश व्हायचं नाही आणि ६८ बघून रडायचंही नाही. एका रिपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने घेतात, त्यातले दोन वर आले तरच ते खरं धरतात.

आता ९.४. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ असा १४४१ जणांवर डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला, वयं १३ ते ३९, म्हणजे आपल्यासारखीच पोरं. एका गटाचं एचबीएवनसी ७ च्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं ९ च्या आसपास राहिलं. सातवाल्यांमध्ये मायक्रोअल्ब्युमिन ३९ टक्क्यांनी कमी निघालं. गंमत पुढेच आहे. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे आकडे ८ च्या जवळ आले, तरी आधी सांभाळलेल्यांच्या किडन्या नंतरही कितीतरी वर्षं जास्त चांगल्या राहिल्या. शरीर चांगल्या वर्षांची आठवण ठेवतं म्हणे. माझ्या डॉक्टरांनी हे मला चिठ्ठीच्या मागे रेघा मारून समजावलं होतं, तेव्हा मी पंचविशीत होते आणि बरीच वर्षं उधळून बसले होते. तू २३ ची आहेस.

पण त्याच सातवाल्या गटात गंभीर हायपोही (शुगर फार खाली जाणं) तिप्पट झाले होते. त्यामुळे तुझी भीती खुळी नाही. तेव्हाची इन्सुलिनं वेगळी होती, तरीही. ग्लार्जिनचा डोस बरोबर बसलेला असेल तर रात्री जेवली नाहीस तरी शुगर धाडकन पडायला नको. पडत असेल तर डोस जास्त आहे. रविवारी मनाने कमी करण्यापेक्षा पहाटेचे तीन-चार आकडे वहीत लिही आणि ‘४६ झाली होती’ हे डॉक्टरांना तोंडाने सांग. आपण आकडे दाखवतो, भीती सांगत नाही.

आणि दुपारची सुई मेसमध्ये कशाला? अभ्यासिकेतून निघतानाच जिन्यात घे. रॅपिड तसंही जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचं असतं. तुझं चालणं आणि ताटाची रांग धरून तेवढा वेळ होतोच. पिशवीत ग्लुकोज ठेव, पोळ्या संपल्या म्हणून रांग अडली तर. टोचायची जागाही चाचपून बघ. एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली असेल तर तिथून इन्सुलिन आपल्या मर्जीने लागतं, कधी काहीच नाही आणि कधी एकदम.

नळीवाला
मी लॅबमध्ये काम करतो. (तुमच्या नाही, बहुतेक!) नमुना किती वाजता दिलात? आदल्या दिवशी पळापळ, ताप, लघवीला जळजळ, पाळी यातलं काही होतं? यातल्या कशानेही आकडा चढतो. शुगर फार चढलेली असली तरीही. पुढच्या वेळी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्या. तरुण मुलांत नुसतं दिवसभर उभं राहूनही थोडं प्रथिन उतरतं.

खिडकीजवळची_जागा
दादा, आता हसू की रडू कळत नाही. त्या दिवशी सकाळी रूममेटबरोबर पर्वती तीनदा चढले होते, १०३ पायऱ्या गुणिले तीन. तिथून थेट लॅबमध्ये, अकरा वाजता. आणि पाळीचा चौथा दिवस होता.

बिबवेवाडीची_आई
बाळा, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, सहाव्या वर्षी त्याला टाईप १ निघाला. त्याची ही तपासणी आता दरवर्षी असते, म्हणून हे लिहिते. पाळीत पोट दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणतेस का? मेफेनॅमिक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला जड जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि आईला आजच सांग. मी त्या बाजूची आहे म्हणून कळतं, आम्हाला नंतर कळलं की जास्त लागतं.

जुनी_सुई
माझं मत वेगळं. दुसरा नमुना आला की सांग. नाहीतर त्या माउलीला पुण्यापर्यंत एसटीत झोप यायची नाही, आणि आकडा कदाचित पर्वतीचाच असेल. मात्र दुसराही वर आला तर किडनी जपायची गोळी सुरू होईल. मला रॅमिप्रिल दिली होती, कोरडा खोकला झाला म्हणून बदलली. ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. तू आधीच विचारून ठेव.

खिडकीजवळची_जागा
मेफेनॅमिक घेते, दर महिन्याला दोन दिवस. गुरुवारी विचारते. आईचं अजून ठरत नाहीये.

आज जिन्यात घेतली. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा उतरत होता, त्याने पेनकडे बघितलं आणि “पेठेत आणखी कुठे अभ्यासिका आहे का, इथला पंखा बंद आहे” असं विचारून गेला. जेवणानंतर दोन तासांनी १६३. धडधडलं. पण साखर खाल्ली नाही.