गायीला सोडा देऊनही दुधाची फॅट २.९ टक्क्यांवरच, यीस्ट सुरू करू का?

प्रश्न: एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, विऊन तीन महिने, दूध २२ लिटर. मक्याचा मुरघास २० किलो, कडबा कुट्टी किलोभर, खुराक ९ किलो (निम्मा मका भरडा) दोन वेळेत. फॅट ३.६ वरून २.९ वर आली. शेण पातळ, फेसाळ. खाण्याचा सोडा रोज ५० ग्रॅम पाण्यातून देतोय. यीस्ट देऊ की बायपास फॅट (पहिल्या पोटात न फुटता पुढे जाणारी खाद्य-चरबी)?

उत्तर १: दादा, आधी खुराकाची मांडणी बदला. साडेचार किलो एकदम पोटात गेला की कोठीपोटात (गायीच्या पहिल्या, मोठ्या पोटात) आम्ल झपाट्यानं वाढतं. सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की चोथा पचवणारे जिवाणू मंदावतात, आणि दुधाची फॅट त्यांच्याच कामावर अवलंबून असते. नीट रवंथ करणारी गाय लाळेतूनच दिवसाला किलोहून जास्त सोडा पोटात सोडते, त्यापुढे तुमचे ५० ग्रॅम काहीच नाहीत. किलोभर कुट्टीवर रवंथ कुठून होणार?

भरडा दीड-दोन किलोनं कमी करून तूर चुनी घाला. खुराक चार वेळा द्या, एका वेळी अडीच किलोच्या आत. त्याआधी इंचभर लांबीची कुट्टी, दिवसाला ३-४ किलो. सोडा १५० ग्रॅम, खुराकात कालवून, विभागून. पाण्यात टाकला तर चवीमुळे गाय पाणीच कमी पिते.

उत्तर २: वरचं बरोबर, एक भर. आम्लता वाढली की मका-सरकीतल्या तेलावर जिवाणूंची प्रक्रिया वेगळ्या वाटेनं होते आणि तयार होणारं एक स्निग्धाम्ल कासेत फॅट बनणंच दाबतं. म्हणून सरकी जास्त असेल तर तीही कमी करा. वरून मोकळं तेल तर अजिबात नको. कॅल्शियमयुक्त बायपास फॅटही आम्लात फुटतं, मग ते 'बायपास' राहत नाही. आता त्यावर पैसे घालू नका.

प्रश्नकर्ता: आणि यीस्ट? शेजारची गाभण गायही याच दावणीवर आहे.

उत्तर १: जिवंत यीस्ट कोठीपोटातला ऑक्सिजन वापरतं, दुग्धाम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देतं. मात्रा पाकिटावरच्या जिवंत पेशींच्या संख्येवरून ठरवा, गरम आंबोणात मिसळू नका. पण मांडणी सुधारल्यावरच. फॅट सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नका.

गाभण गायीला शेवटचे तीन आठवडे सोडा बंद. सोडियममुळे रक्तातलं आम्ल-अल्कली संतुलन सरकतं, हाडांतलं कॅल्शियम वेळेवर सुटत नाही आणि विताना दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो. तिची दावण वेगळी करा.

उत्तर ३: कुणी मोनेन्सिन (खुराकातून द्यायचं एक औषध) सुचवलं तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय नको. त्यानं कोठीपोटात प्रोपिओनेट (पचनात तयार होणारं एक आम्ल) वाढतं, पण फॅट आणखी उतरू शकते. घोडा-गाढवाला तर ते थोडंसुद्धा प्राणघातक आहे.