सदोष गेम विकला, रिफंडही नाकारला: कंपनीला नेमकं कुठे पकडायचं?

फ्रेमड्रॉप:
पीसी गेम्सचं आता ठरलेलंच झालंय. ऐंशी-नव्वद जीबी उतरवा, पहिल्यांदा चालू केला की शेडर (ग्राफिक्स रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यातच तास जातो, मग क्रॅश सुरू. तोवर स्टीम या गेम-स्टोअरची रिफंडसाठीची दोन तासांची मर्यादा संपलेली. स्टोअर प्लेटाइमकडे बोट दाखवतं, पब्लिशर ‘पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येतोय’ म्हणतो, आणि करारात ‘जसा आहे तसा’, म्हणजे दोषाची जबाबदारी आमची नाही, हे कलम असतंच. तीन-चार हजारांच्या गेमसाठी भारतातल्या ग्राहकाच्या हातात खरंच काही आहे का? ‘प्री-ऑर्डर करू नका’ हा सल्ला पाठ आहे, तो सोडून सांगा.

शेडरवाला:
भांडण्याआधी दोष गेमचा की मशीनचा ते नक्की करा, नाहीतर पहिल्याच उत्तरात ‘तुमचा ड्रायव्हर जुना आहे’ म्हणून वाटेला लावतील.

झटके बसत असतील तर एकाच रस्त्यावरून दोनदा जा. दुसऱ्या फेरीत झटके गेले तर ते शेडर कंपाइल होण्याचे. त्याच जागी पुन्हा बसले तर डेटा लोड करण्याचे, आणि ते तुमच्या हातात नाहीत. टेक्स्चर एक पायरी खाली आणल्यावर सुधारलं तर व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) अपुरा पडतोय. मग स्टोअरच्या पानावर किमान आणि शिफारस केलेलं कार्ड कुठलं लिहिलंय ते पाहा. तुमचं कार्ड त्यात बसत असेल तर मुद्दा तुमच्या बाजूचा.

क्रॅशसाठी विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, तिथे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आयडी १०००. त्या नोंदीत कोणतं मॉड्यूल (प्रोग्रामचा भाग) कोसळलं त्याचं नाव असतं. एक सापळा: अनरियल इंजिनच्या गेममध्ये शेडर तयार होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा एरर आला आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय-७ वा आय-९ असेल, तर आधी बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. ग्राफिक्स कार्डाच्या नावावर खपणारा हा दोष बऱ्याचदा प्रोसेसरचा निघतो. २०२४ मध्ये इंटेलला त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढावा लागला होता.

स्टीमचं घड्याळ गेमची प्रोसेस चालू असेपर्यंत चालतं. शेडर गेमच्या आतच तयार होत असतील, तर तो वेळही त्यात मोजला जातो. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीसीवर आला तेव्हा लोक याच घड्याळात अडकले. म्हणून पहिल्या दिवशी गेम चालू ठेवून जेवायला जाऊ नका. शेडर तयार होतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा, त्यात कोपऱ्यातली वेळ दिसू द्या.

स्टीमच्या रिफंडची अट अशी: खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. ती उलटली तरी अर्ज करता येतो, फक्त मंजुरीची खात्री नसते. ‘गेम बेकार आहे’ असं लिहू नका. ‘१ तास ५० मिनिटांपैकी ५५ मिनिटं शेडर, चार क्रॅश, लॉग उपलब्ध’ असं लिहा. नाकारला तर तेच शब्द परत न पाठवता नवा पुरावा जोडून पाठवा. बँकेकडून पैसे ओढून घेण्याच्या फंदात पडू नका, अकाउंटवर निर्बंध येऊ शकतात.

कलम_पस्तीस:
कायद्याच्या बाजूने. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम. या नियमांत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे येतात, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विकणारी परदेशी कंपनीसुद्धा. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला रिफंड नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

क्रम असा ठेवा. आधी त्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिना गेला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती फक्त मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. पण ‘१९१५ वर नोंद, उत्तर नाही’ हा कागद पुढे उपयोगी पडतो. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य, तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं.

सोबत जोडायचं ते: बिल, खरेदीच्या दिवशीचं स्टोअरचं पान, ट्रेलर, क्रॅश लॉग, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र (पूर्वीचं ६५-ब, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३). स्टोअरचं पान आजच पीडीएफ करून ठेवा, मजकूर बदलायला कंपनीला दोन मिनिटं पुरतात.

फ्रेमड्रॉप:
आणि ‘जसा आहे तसा’ कलमाचं काय? करारात लवादाची अटही असते.

कलम_पस्तीस:
लवादाची अट ग्राहक आयोगाला रोखत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात हे स्पष्ट केलंय. करार अन्यायकारक ठरवण्याचा अधिकार मात्र जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोग. म्हणून करारावर भांडूच नका. दोष आणि दिशाभूल करणारी जाहिरात, एवढ्यावरच तक्रार बांधा. खरी अडचण वसुलीची. ज्या परदेशी विक्रेत्याचं भारतात कार्यालयच नाही त्याच्याविरुद्धचा आदेश भिंतीला टांगायचा कागद ठरू शकतो. बिलावर नाव कुणाचं आहे ते पाहून सामनेवाला (तक्रार ज्याच्याविरुद्ध तो) ठरवा.

जुना_कार्ट्रिज:
बाहेर काय झालं तेही बघा, त्यावरून कंपनी कशाला भिते ते कळतं. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. ‘आम्हाला तुमचा कायदा लागू नाही’ हा बचाव टिकला नाही, २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड. २०२० मध्ये सोनीच्या युरोपीय कंपनीला ३५ लाख, कारण डाउनलोड केल्यावर किंवा १४ दिवसांनंतर रिफंड नाहीच असं ग्राहकांना सांगितलं होतं.

उलट ‘सायबरपंक २०७७’ बघा. १० डिसेंबर २०२० ला आला, आठवड्याभरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून उतरवला, २१ जून २०२१ ला परत लावला. अमेरिकेतल्या खटल्यात तडजोड झाली १८.५ लाख डॉलरची, पण तो खटला गुंतवणूकदारांचा होता, खेळणाऱ्यांचा नव्हे! खेळणाऱ्यांना मिळाले ते रिफंड, आणि तेही मुख्यतः स्टोअरने दार उघडलं म्हणून. २०१५ च्या ‘बॅटमॅन: अर्कम नाइट’चंही तेच, पीसीवरची विक्री एका दिवसात थांबवावी लागली आणि चार महिने बंद राहिली. त्यामुळे पब्लिशरला शंभर मेल पाठवण्यापेक्षा स्टोअरकडे शंभर रिफंड अर्ज जास्त बोलतात.

कलम_पस्तीस:
बरोबर. आणि बरेच जण असाल तर कलम ३५ (१) (क) खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. ट्रेलरच खोटा असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही पाठवा, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फक्त तो दंड सरकारजमा होतो, तुमचे तीन हजार त्यातून येत नाहीत.