टीम बॅटलमध्ये एकाच्या अकाउंटवरून दुसऱ्याने खेळलं तर? (लिचेस)

प्यादं_सातव्या_घरात:

चार सोसायट्यांची मिळून लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर टीम बॅटल (सांघिक स्पर्धा) ठेवायची आहे. वेळ ५+३ (प्रत्येकाला पाच मिनिटं, शिवाय चालीमागे ३ सेकंद), एकूण ९० मिनिटं, प्रत्येक टीमच्या वरच्या ५ जणांचे गुण धरायचे. नियम एका पानात बसवायचेत, पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१) मध्येच कुणाचं नेट किंवा लाइट गेली तर टीममधल्या दुसऱ्याने त्याच्या अकाउंटवरून उरलेले डाव खेळावेत का? काहींचं म्हणणं, अकाउंट टीमचं धरा, माणसाचं नको.

२) एका घरात दोन मुलं, वायफाय एक, लॅपटॉपही एकच. दोन अकाउंट काढली तर बंद होतील या भीतीने पालक म्हणतात, दोघांनी एकच वापरू दे.

३) शेजारी बसून बाबांनी चाल सांगितली तर? इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) तर नाही ना वापरलं!

अडीच_घरं:

पहिल्याचं उत्तर साफ ‘नाही’ असंच आहे, आणि तसं करायची गरजही नाही. टीम बॅटल म्हणजे अरीनाच: ठरलेल्या वेळात एक डाव संपला की लगेच पुढची जोडी, जमतील तितके डाव. टीमच्या गुणांत फक्त वरच्या ५ जणांची बेरीज धरली जाते, खेळायला मात्र ८ उतरा नाहीतर १५. राखीव खेळाडूंची सोय आयतीच झालेली आहे. एकाचं नेट गेलं तर त्याने कमावलेले गुण तसेच राहतात आणि सहावा-सातवा जण पुढे सरकतो. स्पर्धा सुरू झाल्यावरही नवीन माणूस स्वतःच्या अकाउंटवरून आत येऊ शकतो. म्हणून नियमात एवढंच लिहा: प्रत्येक टीमने किमान ८ जण उतरवावेत. (हा ५ चा आकडा स्पर्धा तयार करतानाच नीट भरा, सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका.)

नेटचा खरा उपाय फोन. डाव सर्व्हरवर असतो, लॅपटॉपवर नाही. त्याच खेळाडूने फोनवर स्वतःच्या अकाउंटने आधीच लॉगिन करून ठेवावं आणि मोबाइल डेटा चालू ठेवावा. वायफाय गेलं की फोन उघडायचा, डाव होता तिथून पुढे सुरू. घड्याळ तेवढ्यात थांबत नाही, एवढं मात्र सोसावं लागतं. पासवर्ड ऐनवेळी आठवत बसण्यातच दोन मिनिटं जातात, म्हणून लॉगिन आदल्या दिवशी तपासा.

दुसऱ्याला बसवलं की गुणांचं गणितही बिघडतं. जिंकल्यावर २, बरोबरीला १. लागोपाठ दोन विजय झाले की पुढच्या डावांचे गुण दुप्पट, म्हणजे जिंकलं की ४. बर्सर्क करून (डावाच्या सुरुवातीला आपला अर्धा वेळ सोडून) जिंकलं तर वर आणखी १. म्हणजे कुणाची विजयमालिका पेटलेली असताना तिथे टीममधला सगळ्यात जबर खेळाडू बसवला, तर तो आपल्या खात्यावर शून्यापासून कमावण्याऐवजी दुसऱ्याच्या मालिकेवर डावामागे ४-४ उचलतो. समोरच्या टीमला पत्ताच नाही की १४०० रेटिंगचा (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) समजून आपण १९०० शी खेळतोय.

ग्लिको_गणपत:

रेटिंगचं आणखी वाईट होतं. रेटिंग काढायला लिचेस ग्लिको-२ ही पद्धत वापरतं. नवीन अकाउंट १५०० ला सुरू होतं, पुढे प्रश्नचिन्ह असतं. अनिश्चिततेचा आकडा ११० च्या खाली आला की ते प्रश्नचिन्ह जातं. जितके डाव जास्त तितकी ही अनिश्चितता घटते आणि रेटिंग हलायला जड होतं. एका अकाउंटवर थोडे डाव १३०० च्या मुलाने आणि थोडे १८०० च्या दादाने खेळले, तर रेटिंग मधेच कुठेतरी येऊन बसतं आणि प्रणालीला वाटतं की आपल्याला याची नक्की ओळख पटली आहे. तो आकडा मग दोघांपैकी कुणाचाच नसतो. नंतर मुलगा एकटा खेळायला लागला की हरत हरत खाली येतो, आणि बघणाऱ्याला ते मुद्दाम रेटिंग पाडल्यासारखं दिसतं. त्यासाठीही अकाउंटवर कारवाई होते.

रेटिंगमध्ये ४०० चा फरक असेल तर वरच्याला सरासरी दर डावाला सुमारे ०.९१ गुण अपेक्षित असतो (इथे विजयाला १, बरोबरीला अर्धा धरून). म्हणजे समोरच्याला दहा डावांत जेमतेम एक गुण. एक डाव तर खेळला, त्यात काय, असं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

पटावरची_आई:

दुसऱ्या प्रश्नातली भीती उलटी आहे. एका वायफायवर दोन माणसांची दोन अकाउंट असणं हा गुन्हा नाही. घरं, शाळा, हॉस्टेल सगळीकडे तेच असतं. अडचण होते ती एक अकाउंट दोघांनी चालवण्याने. चेस.कॉम या दुसऱ्या साइटवर तर एका व्यक्तीला एकच अकाउंट असा नियमच आहे, आणि भाऊ-बहीण या दोन व्यक्ती आहेत!

लॅपटॉप एकच असेल तर दोन ब्राउझर वापरा. एकात ताई, दुसऱ्यात भाऊ. एकाच ब्राउझरमध्ये लॉगआउट-लॉगिन करत बसलात की घाईत चुकीच्या नावाने डाव सुरू होतो. पण त्या ९० मिनिटांत दोघांनाही खेळायचं असेल तर एकाने फोनवर खेळायला हवं, याला इलाज नाही. दोघं वेगवेगळ्या टीममध्ये असतील तर एकमेकांशी जोडी लागू शकते. त्यांना एकाच टीममध्ये घ्या, बॅटलमध्ये एकाच टीमच्या खेळाडूंची जोडी लागत नाही.

लहान मुलांचा गट मोठा असेल तर लिचेसवर शिक्षकांसाठी ‘क्लास’ची सोय आहे. शिक्षक मुलांची अकाउंट स्वतः तयार करतात, पासवर्ड विसरला तर नवीन देतात. एका अकाउंटवर सगळा वर्ग बसवण्याची वेळच येत नाही.

आणि ज्यांचे पासवर्ड आधीच चार जणांकडे गेलेत त्यांनी स्पर्धेपूर्वी पासवर्ड बदलावा. मग सेटिंगमधल्या सुरक्षेच्या पानावर कुठल्या कुठल्या उपकरणावर लॉगिन आहे त्याची यादी दिसते, तिथून बाकीची सगळी बंद करावीत.

अडीच_घरं:

त्यात एक भर. कॅप्टनचा पासवर्ड बहुतेक वेळा टीमचं पान सांभाळायला वाटला जातो. त्याचीही गरज नाही. टीमला एकापेक्षा जास्त लीडर ठेवता येतात आणि स्पर्धा भरवणं, विनंत्या मंजूर करणं हे अधिकार प्रत्येकाला वेगवेगळे देता येतात. टीममध्ये प्रवेश मात्र विनंतीनेच ठेवा. दार उघडं असेल तर बॅटलच्या अर्धा तास आधी कुठला तरी पट्टीचा खेळाडू ‘सोसायटीचा रहिवासी’ होऊन येतो.

उंट_तिरका:

तिसरा मुद्दा. बाहेरची मदत म्हणजे फक्त इंजिन नव्हे. बाबा, कोच, मित्र, शेजारचा लॅपटॉप, सगळं त्यात आलं. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्या धर्मादाय साइमलमध्ये (एकाने एकाच वेळी अनेकांशी खेळायचं) झिरोधाचे सहसंस्थापक निखिल कामथ यांचा डाव गाजला होता. त्यांनी नंतर जाहीर माफी मागताना डावाचं विश्लेषण करणारी माणसं आणि संगणक, दोन्हींची मदत घेतल्याचं मान्य केलं. डाव रेटेड नव्हता, निधी चांगल्या कामाला जाणार होता, तरी अकाउंट आधी बंद झालंच होतं. नंतर ते परत सुरू केलं गेलं.

गोंधळ होतो तो पत्रव्यवहार प्रकारच्या, म्हणजे दिवसाला एक चाल अशा डावांमुळे. तिथे ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं आणि डेटाबेस चालतात, इंजिन तिथेही नाही. ५+३ मध्ये यातलं काहीच चालत नाही. टीमने मिळूनच डोकं लावायची हौस असेल तर चेस.कॉमवर व्होट चेस आहे. टीम चर्चा करते, मत देते, जास्त मतांची चाल खेळली जाते.

प्यादं_सातव्या_घरात:

उत्तम. आता संशय आला तर काय करायचं? चॅटमध्ये ‘चीटर चीटर’ सुरू झालं की सोसायटीची मीटिंगच भरते. आणि एकजण पकडला गेला तर त्याचेच गुण काढायचे की टीमलाच बाद करायचं?

ग्लिको_गणपत:

स्पर्धा चालू असताना कुणीही आरोप करायचा नाही. कॅप्टनने डावाची लिंक संयोजकाला खाजगीत द्यावी. संयोजकाने लिचेसच्या रिपोर्ट पानावरून दोन-तीन डावांच्या लिंकसह तक्रार करावी. एका सुंदर डावावरून काही सिद्ध होत नाही, ५+३ मध्ये साधा खेळाडूही कधीतरी बिनचूक खेळतो. बघायचं ते वेळेच्या वापरात: सक्तीची परत-मार (आपलं मोहरं मारलं की लगेच उलट मारणं) आणि किचकट मधला खेळ दोन्हीला सारखेच सहा-सात सेकंद लागत असतील तर खटकतं. अकाउंट दुसऱ्याने चालवलं असेल तर ओपनिंगच बदलते. वर्षभर लंडन ही ओपनिंग खेळणारा अचानक सिसिलियनच्या खोल रेषा खेळायला लागतो. लिचेसकडे याहून जास्त माहिती असते, चाल करताना विंडो बदलली का हेसुद्धा. निर्णय त्यांच्यावर सोडा आणि निकाल ४८ तासांनी पक्का करा.

शिक्षेचं म्हणाल तर नमुना मोठ्या स्पर्धेचाच आहे. २०२० च्या प्रो चेस लीगमध्ये आर्मेनिया ईगल्स अंतिम सामना जिंकले होते. एका खेळाडूने फेअर प्लेचा नियम मोडल्याचं ठरलं आणि सगळी टीम बाद झाली, विजेतेपद सेंट लुई आर्च बिशप्सना गेलं. सोसायटीत एवढं कडक नको वाटत असेल तर खेळाडूचे गुण काढा, सहावा वर येईल. पण पासवर्ड कॅप्टननेच दिला असेल तर टीम बाद.

उंट_तिरका:

नेट जाण्याबद्दल एक वाक्य नियमात हवंच: ‘नेट गेलं, घड्याळ पडलं, डाव गेला.’ ऑगस्ट २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नेट तुटल्याने नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन वेळेवर हरले. कप्तान होता नाशिकचा विदित गुजराथी. दुसऱ्या कुणाला त्यांच्या जागी बसवलं नाही, भारताने अपील केलं आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) सुवर्ण भारत-रशियाला विभागून दिलं. तुमच्याकडे अपील ऐकायला फिडे नाही, म्हणून ‘गेला तो गेला’ हेच बरं.

प्यादं_सातव्या_घरात:

मसुदा असा: टीममागे किमान ८ नावं, युजरनेमसह, आदल्या रात्री ९ पर्यंत. ज्याचं अकाउंट तोच खेळणार. फोनवर लॉगिन तयार. मदत कुणाचीही नाही. तक्रार फक्त कॅप्टनमार्फत, निकाल ४८ तासांनी. बर्सर्क ठेवू की काढू?

अडीच_घरं:

ठेवा. ५+३ मध्ये बर्सर्क केलं की हातात अडीच मिनिटं उरतात आणि चालीमागचे ३ सेकंदही जातात. मुलांना तेवढंच आवडतं. फक्त हे सांगून ठेवा की ९० मिनिटं संपली तेव्हा चालू असलेला डाव धरला जात नाही, शेवटच्या पाच मिनिटांत त्यावरून हमखास भांडण होतं. आणि पहिल्या १० चालींत झालेल्या बरोबरीला गुण मिळत नाहीत, त्यामुळे दोन कॅप्टननी आपसात ठरवून झटपट बरोबरी करून एकेक गुण वाटून घ्यायचा विचार सोडावा.