जैवविविधता नोंदवहीसाठी नेटवरची माहिती कितपत धरायची? (निफाड)

गोदाकाठ
गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातले प्राणी, पक्षी, वनस्पती आणि त्यांचे उपयोग यांची नोंद) नव्याने भरायला घेतली आहे. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळच, म्हणजे पक्ष्यांची यादी लांबणार. अडलंय ते असं: पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवरून (पक्षीनिरीक्षक जिथे आपल्या याद्या टाकतात ते संकेतस्थळ) सरळ उतरवल्या तर चालेल का? ‘अनुसूची’ (वन्यजीव कायद्यातली यादी) रकान्यात रानडुकरासमोर एक संकेतस्थळ ३ म्हणतं, दुसरं २. आणि समितीतले एक जण म्हणतात, रानडुक्कर मारायला आता परवानगी लागत नाही, तसा व्हिडिओ आलाय. खरं काय?

शिवारफेरी
अनुसूचीचं आधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या चार झाल्या. आता पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या जातींची. त्यामुळे रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत दाखवणारं पान जुनं, ते बंद करा. मराठीतली निम्मी पानं अजून तशीच आहेत, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स तर सगळ्यात वाईट. मूळ कायदा ‘इंडिया कोड’ या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर बघा. राजपत्राची स्कॅन केलेली प्रत उतरवली असेल तर तिच्यात शोध चालत नाही, अक्षरं निवडता येतात का ते आधी पाहा. शोधताना शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका, तेही फक्त दुसरा शब्द. नावातला पहिला शब्द बदललेला असला तरी दुसरा शब्द बहुधा टिकतो.

रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगी लागतेच. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारण नमूद करून, ठरावीक क्षेत्रापुरती ती देतो. उभ्या पिकाचं नुकसान हे कारण त्यात बसतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं (कलम ३९), मांस वाटून घेतलं की परवानगी असूनही गुन्हा. कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसती गोळी नव्हे. फासा, वाघर, आमिष, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं, हे सगळं त्यात येतं.

व्हिडिओ बहुधा ‘उपद्रवी’ घोषणेवरचा असेल, म्हणजे एखाद्या जातीचं संरक्षण ठरावीक भागात काही काळ उठवणाऱ्या घोषणेवरचा. केंद्राने २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय व रानडुक्कर आणि उत्तराखंडात रानडुक्कर तसे घोषित केले होते, तेही ठरावीक जिल्ह्यांत आणि एका वर्षापुरते. अशा व्हिडिओत राज्य, जिल्हा, मुदत हे तीन शब्द ऐकू आले नाहीत तर पुढे पाठवू नका.

पाणथळ
ईबर्ड वापरा, पण हॉटस्पॉटची (सगळ्यांच्या नोंदी एकत्र होतात अशा ठरलेल्या जागेची) यादी म्हणजे तुमच्या गावाची यादी नव्हे. खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून दिसलेला पक्षी अभयारण्याच्या पिनखाली जातो, तुमच्या शिवारात तो उतरलाच असेल असं नाही. ती यादी ‘काय दिसू शकतं’ एवढ्यापुरती घ्या. बार चार्ट (कोणती जात कधी दिसते तो तक्ता) उघडून महिने बघा, एकच नोंद असलेल्या जातीचा फोटो आहे का ते बघा. नसेल तर पेन्सिलीनेच लिहा.

स्वतःची यादी करताना हॉटस्पॉट न निवडता नकाशावर आपली जागा टाका. १५ ते ३० मिनिटं, गावाच्या हद्दीत, जे ओळखता आलं ते सगळं. फक्त ‘खास’ पक्षी टाकले तर ‘पूर्ण यादी’ला नाही म्हणा. संख्येच्या जागी ‘एक्स’ म्हणजे दिसला पण मोजला नाही. नोंदवहीत उतरवताना लोक त्याचा १ करतात, आणि पुढच्या वर्षी थापट्या बदकं एकदम चारशेवर गेली असं वाटतं!

नावांचा घोळ जास्त त्रास देतो. ‘पाणकोंबडी’ म्हटल्यावर निदान तीन पक्षी डोळ्यांपुढे येतात. जांभळी पाणकोंबडी जुन्या यादीत ‘पॉर्फिरिओ पॉर्फिरिओ’ आणि नव्या यादीत ‘पॉर्फिरिओ पोलिओसेफॅलस’ अशी आहे. दोन्ही उतरवल्या की एकच पक्षी दोन ओळी खातो. म्हणून मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव हवंच.

अंजनेरी_पायथा
फुलपाखरं, बेडूक, वनस्पतींसाठी आयनॅचरलिस्ट, म्हणजे फोटो टाकून इतरांकडून ओळख पटवून घ्यायचं संकेतस्थळ. एक फसगत लक्षात ठेवा: दुर्मीळ जातींचं ठिकाण ते आपोआप धूसर करतं. तो बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो, आपल्या अक्षांशावर म्हणजे साधारण २२ गुणिले २१ किलोमीटर. सिन्नरकडे टिपलेला प्राणी त्यामुळे निफाडच्या उसात दिसू शकतो. धूसर बिंदूवरून गावाची नोंद करू नका.

गावकरी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात त्यातून तारीख आणि ठिकाण पुसलं जातं, मग अपलोडचा दिवसच नोंदीत बसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा फोटो मात्र गटावर नको, घरट्याचं अचूक ठिकाण सगळ्यांना कळतं. ओळख जुळली की आयनॅचरलिस्टवर मिळणाऱ्या ‘रिसर्च ग्रेड’ शिक्क्यावरही डोळे मिटून जाऊ नका. पहिल्याने यंत्राने सुचवलेलं नाव दाबलेलं असतं, दुसऱ्याने नुसती मान डोलावलेली असते.

गोदाकाठ
रानडुकराची ओळ आजच दुरुस्त करतो. एक राहिलं. ‘उपयोग’ रकान्यात जुनी माणसं लावे पकडून खाल्ल्याचं सांगतात. लिहायचं का?

शिवारफेरी
लिहा, पण भूतकाळात: ‘पूर्वी खात असत’. सांगणाऱ्याचं नाव, जाळं कुठे लावत, कोणत्या वेळी, हे लिहू नका. आज कुठे फासे दिसले तर ते नोंदवहीत नको, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.