लेकीचे कुरळे केस आणि सकाळची वेणी: बाबाला मदत हवी आहे

सरळकेस्या बाबा

बायकोची बदली जूनमध्ये नागपूरला झाली. ती महिन्यातून दोनदा येते. लेक चौथीत आहे आणि माझ्याजवळ पुण्यात असते. डबा, गृहपाठ, बस हे सगळं बसलं. केस मात्र बसत नाहीत.

माझे स्वतःचे सरळ, आणि जेवढे उरलेत ते हातानेच बसतात. लेकीचे आईवर गेलेत. पेनातल्या स्प्रिंगएवढ्या बारीक बटा, ओल्या असल्या की पाठीच्या मध्यापर्यंत, वाळल्या की खांद्यावर. शाळेत दोन वेण्या लागतात, वर बांधून, काळ्या रिबिनी. बस सहा पन्नासला. सव्वासहाला मी कंगवा घेऊन वरून खाली ओढायला लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला रडारड सुरू. गेल्या सोमवारी कंगव्याचे दोन दात तुटून केसातच राहिले. एक संध्याकाळी वेणी सोडताना सापडला, दुसरा वर्गातल्या बाईंनी काढून दिला.

वेण्या सोडल्या की डोकं कापूस पिंजल्यासारखं होतं. दर रविवारी भरपूर तेल थापतो, न्हायला घालतो, टॉवेलने खसाखसा पुसतो, वाळले की विंचरतो. आमची आई आम्हा भावंडांना असंच न्हायला घालायची. बायको फोनवर सांगते, "हलक्या हाताने कर." हलक्या हाताने गुंता हलत नाही! त्यात आमच्याकडे टँकरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो.

केस कापायचे नाहीत, लेकीला लांब हवेत. घरच्या घरी काय करता येईल?

पिंजारी

बाबा, तुम्ही रविवारी जे जे करताय त्यातलं निम्मं उलटं करा. शेहेचाळीस वर्षं हे डोकं वागवतेय, त्यातली तीस तुमच्यासारखंच विंचरण्यात घालवली. घरात मला 'पिंजारी' म्हणायचे, ते नाव इथेही लावलंय.

पहिली गोष्ट, कुरळे केस कोरडे असताना कंगवा लावायचाच नाही. कधीच नाही. एका बटेत बरेच केस एकमेकांना धरून वळलेले असतात. कोरड्यात विंचरलं की ते सुटतात आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेला उभा राहतो. तोच तुमचा कापूस.

विंचरायचं न्हाताना. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. केसांना वेगळा चोळू नका, धुताना फेस खाली उतरतो तेवढा पुरतो. मग कंडिशनर सढळ हाताने, कानाच्या खाली. केस निसरडे झाले की मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून सुरुवात करा. आधी शेवटची चार बोटं, ती सुटली की त्याच्या वर, मग आणखी वर. वरची बट दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. तुम्ही वरून खाली ओढता तेव्हा सगळा गुंता खाली एका ठिकाणी गोळा होतो, आणि तिथेच दात तुटतात.

टॉवेल बंद. घरात पंचा असेल ना, नाहीतर तुमचा जुना सुती टीशर्ट. पुसायचं नाही, टिपायचं. डोकं खाली वाकवून टोकाकडून केस मुठीत घ्यायचे, वर टाळूकडे नेऊन दाबायचे, सोडायचे. पाणी टिपलं जातं आणि बटाही वळतात. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लेकीला हे सगळ्यात कठीण जाईल, मलाही जातं.

तेल थापू नका. कुरळ्या केसांवरून टाळूचं तेल टोकापर्यंत घसरत नाही, वळणं आडवी येतात, म्हणून टोकं कोरडी असतात हे खरं. पण थापलेलं तेल काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि होतं तेवढंही निघून जातं. न्हायच्या आधी तासभर दोन चमचे खोबरेल, तेही खालच्या अर्ध्या भागाला. खोबरेल केसाच्या आत शिरतं, धुताना होणारी झीज कमी करतं. बस.

शाळेच्या दिवशी कंगवा शोधूच नका. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून ठेवा. ओलसर करा, बोटांनी भाग पाडा, वेणी घाला. भांग तेवढा कंगव्याच्या टोकाने. आणि फार घट्ट बांधू नका, कानशिलावरचे केस विरळ होतात. माझे झालेत.

एक_शंका

एवढा खटाटोप कशाला? स्मूदनिंग करून टाका. माझ्या भाचीचं केलं, सकाळी पाच मिनिटांत तयार.

पिंजारी

नऊ वर्षांच्या मुलीला? सरळ करायच्या बऱ्याच औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. शिवाय मुळातून येणारा केस कुरळाच येणार. केसाचं मूळच त्वचेत वाकडं बसलेलं असतं, पार्लरला ते सरळ करता येत नाही. सहा महिन्यांनी अर्धं डोकं सरळ, अर्धं कुरळं. मी ते दिवस काढलेत, लग्नाच्या फोटोत आहेत.

वऱ्हाडी चमचा

टँकरच्या पाण्याबद्दल कोणी बोललंच नाही. पांढरा थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, तोच केसांवरही बसतो. महिन्यातून दोनदा शेवटच्या धुण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर एक लिटर पाण्यात घालून ओता, मिनिटभर ठेवा, साध्या पाण्याने काढा. डोळे मिटून घ्यायला सांगा. खाण्याचा सोडा मात्र लावू नका, केस खरखरीत होतात. पिण्याचं गाळलेलं पाणी दोन तांबे शेवटी ओतलं तरी फरक पडतो.

आणि जवस! आमच्याकडे चटणीला असतोच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तार दिसली की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळा. ओल्या केसांना लिंबाएवढा गोळा पुरतो. वाळल्यावर बटा कडक लागतील, घाबरू नका, मुठीत चुरगळल्या की मऊ होतात. फ्रिजमध्ये आठवडा टिकतं, वास बदलला की फेकायचं. आधी कानामागे थोडंसं लावून एक दिवस बघा, लहान मूल आहे.

सरळकेस्या बाबा

तीन आठवड्यांनी लिहितोय.

जवसाचा पहिला प्रयोग फसला. बॉसचा फोन आला, तार सुटून पुढे दोरी झाली. चहाच्या गाळणीत ओतलं तर दहा मिनिटांत तीन थेंब. गाळणी फेकावी लागली. दुसऱ्या वेळी वऱ्हाडी भाऊंचं ऐकून वेळेत गॅस बंद केला आणि पातळ सुती कापडात बांधून चिमट्याने पिळलं. निघालं! कागदी डबीवर 'केस' असं लिहून फ्रिजमध्ये ठेवलं, तरी माझ्या वडिलांनी चमचाभर खाल्लं. म्हणाले, मीठ कमी आहे.

टोकाकडून विंचरायला पहिल्या रविवारी पन्नास मिनिटं लागली, काल बावीस. रडणं नाही. एकदा ओढ बसली तेव्हा "बाबा, बट धर ना" असं तिनेच सांगितलं. पंच्याने टिपल्यावर ज्या बटा पडल्या त्या मी आजवर पाहिल्याच नव्हत्या, नऊ वर्षांत. वेण्या अजून वाकड्या येतात, डावी कायम उजवीपेक्षा जाड.

आता नवीन संकट. शाळेतून चिठ्ठी आली आहे, वर्गात उवा आहेत. बारीक फणी या केसांतून कशी फिरवू?

पिंजारी

तशीच, कंडिशनरमध्ये. न्हाताना नेहमीच्या दुप्पट लावा, आधी मोठ्या कंगव्याने गुंता पूर्ण काढा, मग बोटभर रुंदीचे भाग करून फणी टाळूपासून टोकापर्यंत. प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसून बघा. कंडिशनरमध्ये उवा पळत नाहीत, सापडतात. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे, कारण लिखा नंतर फुटतात. एकही दिसेनाशी झाली तरी आणखी दोनदा करा.

आणि तुमचंही डोकं तपासून घ्या, उरलेत तेवढे.