फुकट बस, गोठलेलं भाडं आणि न्यूयॉर्कची २०२५ ची प्रायमरी

क्वीन्सकर: एडिसनकाकांनी काल लिहिलं की न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटांना वेड लागलंय, महापौरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचे नोंदणीकृत मतदार पक्षाचा उमेदवार निवडतात ती निवडणूक) माजी गव्हर्नर क्युमोसारखा मुरलेला माणूस सोडून ममदानीसारख्या फुकट वाटणाऱ्या पोराच्या गळ्यात माळ घातली. वाचून झोप उडाली, म्हणून लिहितोय. मुरलेला म्हणजे लैंगिक छळाचे आरोप झाल्यावर २०२१ मध्ये गव्हर्नरपद सोडलेला, तोच ना? आणि क्युमो निसटता हरलेला नाही. इथे मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतात; ती मतं फिरून शेवटच्या फेरीत ममदानी ५६, क्युमो ४४ टक्के. मी क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला रेंट-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेल्या घरात राहतो. अशा घरांचं भाडं गोठवू, असं ममदानी म्हणतो. नवं लीज आलं की बायको आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघते, मग चहा टाकते. भाडेवाढ ठरवणाऱ्या बोर्डावर माणसं महापौरच नेमतो, आधीचे महापौर डी ब्लासिओ यांच्या काळात एक वर्षाच्या लीजचं भाडं तीनदा गोठलंही होतं. यात कसलं स्वप्नरंजन?

एडिसनकाका: भाडं गोठवा, पण बॉयलर कोण बदलणार? माझ्या मेव्हण्याची ब्रुकलिनला सहा बिऱ्हाडांची जुनी इमारत आहे. ऐन जानेवारीत बॉयलर गेला, क्रेडिट कार्डावर नवा बसवला. आणि फुकट बस! बस चालवणारी एमटीए राज्याच्या हातात आहे, महापौराच्या नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलं नाही वाटतं.

क्वीन्सकर: २०२३-२४ मध्ये शहराच्या पाचही बरोंत (विभागांत) एकेक बस फुकट होती, आमच्या क्वीन्समध्ये क्यू४. ममदानी राज्याचा आमदार असताना त्यानेच ते रेटलं होतं. आणि काका, हडसन नदीपलीकडून, न्यू जर्सीतून तुम्हाला मत नाही. थंड घ्या.

एडिसनकाका: तुला तरी कुठे आहे? ग्रीन कार्डवाला ना तू?

क्वीन्सकर: बायकोला आहे. तिने पहिला क्रम ममदानीला दिला, दुसरा लँडर या आणखी एका उमेदवाराला. अजून काही?

एसटीवाली: फुकटाला नाकं मुरडणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात यावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. माझी मावशी आधी महिन्यातून एकदा बाजाराला जायची, आता दर आठवड्याला जाते आणि येताना सुकटही आणते.

पूर्णतिकीट: आणि आम्ही पूर्ण पैसे मोजून दांड्याला लटकतो. परवा खिडकीत रुमाल टाकला होता, एका ताईंनी तो उचलून माझ्याच हातात दिला!

एसटीवाली: रुमाल टाकून जागा मिळते, हे कुठल्या नियमात लिहिलंय?

पूर्णतिकीट: ताई, ५० वर्षांची प्रथा आहे ती.

क्वीन्सकर: अहो, धागा न्यूयॉर्कचा आहे!

एसटीवाली: बसचा विषय तुम्हीच काढलात.

एडिसनकाका: मूळ मुद्दा. न्यूयॉर्क राज्यातल्याच बफेलो शहरात २०२१ ला इंडिया वॉल्टनने प्रायमरीत महापौर बायरन ब्राउनला पाडलं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत लोकांनी मतपत्रिकेवर ब्राउनचं नाव लिहून त्यालाच परत आणलं. नाचू नका इतक्यात.

क्वीन्सकर: बफेलोचं मान्य. पण ममदानी अख्खं मॅनहॅटन उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत पायी फिरला. तुमचे क्युमो?

एडिसनकाका: चालला, कबूल. मेव्हणाही म्हणतो, क्युमो आमच्या गल्लीत फिरकलाच नाही. मेव्हण्याने स्वतः पक्ष नोंदवलेला नव्हता, त्यामुळे त्याला मतच देता आलं नाही, ते वेगळं. पण चालून बॉयलर दुरुस्त होत नाही.

पूर्णतिकीट: रुमालाचं काय ठरलं?